संगणकांचा संवाद आणि त्याचे नियम

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, असे आपण नेहमी ऐकतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सर्व कामे आता संगणकाच्या जाळ्यातूनच होतात. हे जाळे कसे चालते याची माहिती फक्त अभियंत्यांनाच हवी, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. ही माहिती नसल्यामुळे कसे नुकसान होते, याचे एक उदाहरण प्रथम सांगतो.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थिनीने शेवटच्या दिवशी रात्री शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. सर्व माहिती लिहून तिने 'सादर करा' हे बटण दाबले. पडद्यावर चक्र फिरत राहिले आणि थोड्या वेळाने पान कोरे झाले. अर्ज गेला असे समजून ती निश्चिंत झाली. पुढे यादीत तिचे नाव आले नाही. चौकशी केली तेव्हा अर्ज नोंदलाच गेला नव्हता असे कळले. ते वर्ष तिने उसनवारीवर काढले. 'पाठवला' आणि 'नोंदला गेला' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्या कशा वेगळ्या आहेत, हे आपण क्रमाने पाहू.

प्रोटोकॉल म्हणजे काय?

दोन किंवा अधिक संगणक तारेने, प्रकाशतंतूने किंवा बिनतारी लहरींनी जोडले म्हणजे नेटवर्क तयार होते. एका कार्यालयापुरते असेल तर त्याला लॅन म्हणतात. अशी जगभरातील असंख्य जाळी एकमेकांना जोडून जे महाजाळे झाले, ते इंटरनेट होय. परंतु नुसती तार जोडून भागत नाही. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना एकमेकांची भाषा येत नसेल तर संवाद होत नाही. कोणी आधी बोलायचे, कोणत्या स्वरूपात बोलायचे, ऐकू आले नाही तर काय करायचे, हे संगणकांनाही आधी ठरवून द्यावे लागते. या ठरलेल्या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

अमेरिकेत २९ ऑक्टोबर १९६९ रोजी आर्पानेट या जाळ्यावरून पहिला निरोप पाठवला गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. पुढे व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली वेगवेगळ्या जाळ्यांना जोडणाऱ्या नियमांची मांडणी केली. त्यातूनच टीसीपी व आयपी हे प्रोटोकॉल घडले आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर तेच लागू झाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

निरोपाचे तुकडे

समजा, या स्मरणिकेचे साठ पानांचे हस्तलिखित दूरच्या छापखान्यात पाठवायचे आहे. आपण प्रत्येक पान वेगळ्या पाकिटात घातले, पाकिटावर पत्ता व पानाचा क्रमांक लिहिला आणि काही पाकिटे एस.टी.ने, काही रेल्वेने धाडली. ती मागेपुढे पोहोचतील, एखादे गहाळ होईल. तरी क्रमांक असल्याने छापखान्याला पाने लावता येतील आणि न आलेले पान पुन्हा मागवता येईल. संगणक असेच करतो. प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. नेहमीच्या इथरनेट जाळ्यात एका पॅकेटमध्ये पंधराशे बाइटपर्यंत मजकूर मावतो. म्हणजे दीडशे किलोबाइटच्या एका छायाचित्राचीही शंभरावर पॅकेटे होतात.

पाकिटावर पत्ता घालून ते मार्गस्थ करण्याचे काम आयपीचे. वाटेतील राउटर नावाची यंत्रे पत्ता पाहून पॅकेट पुढे ढकलतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेवढे जगाला अपुरे पडू लागल्याने फार मोठ्या संख्येच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती आणावी लागली. आपल्याला मात्र आकडे पाठ करावे लागत नाहीत. संकेतस्थळाचे नाव लिहिले की डीएनएस ही व्यवस्था त्याचा पत्ता शोधून देते.

आयपी पॅकेट पोहोचवण्याची हमी देत नाही. ती काळजी टीसीपी घेतो. आरंभी दोन्ही संगणक तीन छोट्या निरोपांनी एकमेकांची तयारी जाणून घेतात. नंतर मजकूर जातो आणि पलीकडून त्याची पोच येते. ठरावीक वेळात पोच आली नाही तर मजकूर पुन्हा पाठवला जातो. या सर्वांच्या वर एचटीटीपी असतो. संकेतस्थळाचे पान कसे मागायचे आणि कसे द्यायचे, हे तो ठरवतो.

खरी पोचपावती कोणती?

आता त्या अर्जाकडे वळू. टीसीपीची पोच एवढेच सांगते की मजकूर पलीकडच्या संगणकापर्यंत आला. तो अर्ज तेथील नोंदवहीत चढला की नाही, हे ती सांगत नाही. टपाल कार्यालयाच्या फाटकात पोहोचले म्हणजे आवक नोंदवहीत क्रमांक पडलाच असे नाही, तसेच हे आहे. शिवाय उत्तर आले नाही तर आपला निरोप वाटेत हरवला की काम होऊन उत्तरच हरवले, हे आपल्या बाजूने ओळखता येत नाही. म्हणूनच पैसे भरताना घाईने दुसऱ्यांदा बटण दाबले तर कधी कधी दोनदा पैसे कापले जातात.

यावरून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१. अर्ज क्रमांक किंवा पावती मिळेपर्यंत अर्ज झाला असे मानू नये. मिळताच ती जपून ठेवावी.

२. पान अडकले तर लगेच पुन्हा बटण न दाबता पुन्हा प्रवेश करून अर्जाची स्थिती पाहावी. पैसे भरले असतील तर बँकेचे खातेही तपासावे.

३. दुसरी संकेतस्थळे उघडत असतील तर आपली जोडणी बहुधा ठीक आहे, दोष पलीकडे असण्याचा संभव अधिक. काहीच उघडत नसेल तर दोष आपल्याकडे शोधावा.

४. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असेल तर वाटेत मजकूर कोणाला वाचता येत नाही. परंतु पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, अशी ती हमी नव्हे. नाव नीट वाचावे.

५. शेवटचा दिवस टाळावा. गर्दी झाली की पॅकेटे गळतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि सर्वच काम मंदावते.

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांना जाणत्या विद्यार्थ्याने शेजारी बसून अर्ज भरून द्यावा आणि पावतीचा कागद त्यांच्या हातात ठेवूनच उठावे. एवढे झाले तरी एखाद्याचे वर्ष वाचेल.