संदिग्ध अहवाल : आकड्याचा अर्थ

अंधेरी, बोरिवली वा घाटकोपरच्या गर्भवतीच्या हाती ‘डबल मार्कर’चा, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांदरम्यान होणाऱ्या रक्तचाचणीचा, अहवाल येतो तेव्हा त्यावरील ‘१:२४०’ हा आकडा बाळातील गुणसूत्रदोषाचे निदान नसून केवळ त्याची शक्यता असते, आणि तिचा सरळ अर्थ असा की अशा २४० गर्भवतींपैकी २३९ जणींच्या बाळांत तो दोष नसतो. घरच्यांना हे कोणीतरी शांतपणे बसून सांगायलाच हवे, कारण कागदावर ठळक दिसतो तो ‘हाय रिस्क’ हा शेरा. ‘एनआयपीटी’, म्हणजे आईच्या रक्तात मिसळलेल्या, वारेतून आलेल्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणी, अधिक नेमकी असली तरी हे तुकडे फारच कमी भरल्यास उत्तरच मिळत नाही. निदान होते ते १५व्या आठवड्यानंतरच्या गर्भजल तपासणीत. तिच्यात गर्भपाताचा अल्प धोका असतोच, शिवाय पेशी वाढवून गुणसूत्रे पाहण्यास दोन-तीन आठवडे जातात, आणि हाच काळ सर्वांत जड.

निदान उशिरा झाले की गर्भपाताच्या कायदेशीर मुदतीचा प्रश्नही उभा राहतो. २००८ मध्ये भाईंदरच्या एका दाम्पत्याने स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा गर्भाच्या हृदयदोषामुळे बाळ गंभीर अपंग होईलच असे तज्ज्ञांनी निःसंदिग्धपणे म्हटलेले नाही, या कारणास्तव २४ आठवड्यांनंतरच्या गर्भपातास परवानगी नाकारली गेली. २०२१च्या कायदादुरुस्तीनंतर मात्र गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास २४ आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.