भाऊचा धक्का : ‘माझी आगबोट’ आणि उतारूंची मोजदाद

जळकोट-उदगीरच्या वाचकाला समुद्राशी काय देणंघेणं, असं वाटणं साहजिक आहे. तरी मुंबईत माझगावजवळच्या भाऊच्या धक्क्याची कहाणी काळीपिवळीत कोंबून बसलेल्या कुणालाही परकी वाटू नये. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा हा धक्का पहाटे मासळीच्या लिलावाने गजबजतो. बर्फाच्या लाद्या आणि ओल्या टोपल्या चुकवत उतारू रेवस-मोऱ्याच्या लाँचकडे जातात. विसाव्या शतकाच्या आरंभी किनाऱ्यावरची उतारू वाहतूक मुख्यतः गोऱ्यांच्या व्यवस्थापनाखालच्या बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे होती. स्वदेशीच्या भरात राष्ट्रवादी मंडळींनी तिच्यासमोर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. लोकांनी तिला नाव दिलं ‘माझी आगबोट कंपनी’. बोटींची नावंही घरचीच : जयंती, तुकाराम, रामदास. आपल्या माणसांची कंपनी म्हणजे आपल्या माणसांची काळजी, हे तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. माझं म्हणणं असं की, इथंच गफलत झाली. बोट कुणाची याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. ती तपासतो कोण, हे कुणी फारसं विचारलं नाही.

1927च्या नोव्हेंबरात वादळाने जयंती आणि तुकाराम एकाच दिवशी गिळल्या. पुढे 17 जुलै 1947ला, स्वातंत्र्य महिन्यावर आलं असताना, ‘रामदास’ सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ब्रिटनमध्ये स्वान हंटरने 1936 साली बांधलेली ही बोट. अंगावर सातशेच्या आसपास माणसं, त्यांत काही बिनतिकीट. वारा-पाऊस वाढला, लाटा आत शिरू लागल्या, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले आणि अर्ध्या तासात बोट कलंडली. सव्वासहाशेच्या घरात माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ता नाही. पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेले लोक बातमी घेऊन आले. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घालून काहींना वाचवलं. त्या दिवशी सर्वांत चोख चाललेली यंत्रणा बहुधा तीच.

यावर पहिला आक्षेप असा की, हा निसर्गाचा कोप होता, कंपनीला का बोल लावायचा? पण जुलैतला खवळलेला दर्या ही काही अनपेक्षित गोष्ट नव्हे. कोकणात लहान पोरालाही ती ठाऊक असते. पाण्यात उतरायचं की नाही हे माणूसच ठरवतो. दुर्घटनेनंतर पावसाळ्यात फेरी बंद ठेवण्याची आणि लहान बोटीवरही बिनतारी यंत्र बसवण्याची सक्ती झाली, म्हणजे उपाय माणसाच्या हातातलेच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्वदेशी मालकीचं मोल तुम्ही कमी लेखता. तसं नाही. तुतिकोरिनला व्ही. ओ. चिदंबरम यांनी 1906 साली स्वदेशी बोट कंपनी काढली, तेव्हा ब्रिटिश स्पर्धकांनी भाडं पाडून आणि फुकट छत्र्या वाटून तिला जेरीस आणलं. तिथं मालकीचाच झगडा होता. मात्र परक्याच्या विळख्यातून सुटलेला उतारू आपोआप सुरक्षित होत नाही. आपल्याकडचंच पाहा. निजामाच्या राज्यात 1932 साली रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 27 गाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली. ती लोकांची खचितच नव्हती, पण वेळापत्रक आणि देखभाल यांना एक जाब देणारा धनी होता. निजामाची थोरवी गाण्याचा इथं हेतू नाही. एवढंच की, बसायच्या जागा मोजणारा माणूस मालकाच्या जातकुळीवर अवलंबून नसतो.

झाला इतिहास, असं म्हणावं तर 18 डिसेंबर 2024चं काय करायचं? गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला इंजिनाच्या चाचणीत असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली, 15 जण दगावले. चूक धडक देणाऱ्या बोटीची, हे खरं. पण लाँचवर परवान्यापेक्षा जास्त, शंभरावर माणसं होती आणि कित्येकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं, हेही तितकंच खरं. जॅकेटची सक्ती काटेकोर झाली ती त्यानंतर. पावसाळ्याचा नियमही आज बोटीगणिक वेगळा आहे : 2020पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट माणसं नेणारी रो-रो बोट चालते, ती भर पावसातही. गेटवे-मांडवा मार्गावरच्या लाकडी लाँच मात्र जूनपासून बंद असतात.