खेळातले सूर, गाण्यातला ठेका

'सॅम्पल' हा शब्द आपल्याकडे औषधाच्या किंवा साबणाच्या नमुन्यापुरताच परिचयाचा आहे. संगीतात त्याचा अर्थ निराळा. आधीच मुद्रित झालेल्या ध्वनीचा एक तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवे गाणे उभे करायचे, याला सॅम्पलिंग म्हणतात. भजनांच्या किंवा भीमगीतांच्या पुस्तिकांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असे छापलेले असते, त्याच्याशी याची गल्लत करू नये. चाल घेणारा गळा स्वतःचा वापरतो, पेटी-ढोलकी स्वतःची वापरतो. सॅम्पल घेणारा दुसऱ्याचा प्रत्यक्ष आवाजच उचलतो, त्यातल्या खरखरीसकट. अमेरिकेतील हिप-हॉप संगीताचा हा पाया आहे. या संगीताने जुन्या व्हिडिओ गेममधल्या सुरांवर हात कसा टाकला, ते येथे सांगावयाचे आहे.

हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 रोजी झाला असे मानतात. जमैकाहून आलेला कूल हर्क हा तरुण त्या रात्री एका इमारतीतील मेजवानीत तबकड्या वाजवीत होता. गाण्यात जेथे गायक थांबतो आणि नुसता ठेका उरतो, तेथे नाचणारे खुलतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग लांबवीत नेऊ लागला. ब्राँक्स ही गरिबांची वस्ती. पुढे 1975 मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाली आणि शाळांतले शिक्षकही कमी करण्यात आले. वाद्य विकत घेणे आणि गुरूकडून शिकणे या दोन्ही गोष्टी तेथील मुलांच्या आवाक्याबाहेरच्या. घरातल्या जुन्या तबकड्या मात्र होत्या. ज्याच्याकडे वाद्य नाही त्याने मुद्रणालाच वाद्य केले, असे मला वाटते.

त्याच दशकाच्या अखेरीस, 1978 मध्ये, जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ आला. त्यात खाली उतरणारे अवघे चार स्वर सतत वाजत राहतात आणि शत्रू कमी होतील तशी त्यांची लय चढते. संगीत म्हणून पाहिले तर हे फारच थोडे आहे. पण 'तुकडा घ्या आणि फिरवत राहा' हेच तत्त्व येथेही आहे. याचे कारण कलेत नव्हते, यंत्रात होते. निन्टेंडोचे फॅमिकॉम हे घरगुती यंत्र 1983 चे. ध्वनीसाठी त्यात पाचच वाटा होत्या : सुरावटीसाठी दोन, खर्जासाठी एक, ताल धरणाऱ्या खरखरीसाठी एक आणि मुद्रित ध्वनीच्या बारीक तुकड्यासाठी एक. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा संपूर्ण खेळ, चित्रांसह आणि संगीतासह, 40 किलोबाइटमध्ये मावला. एवढ्याशा जागेत लांबलचक रचना कोठून बसणार? संगीतकार कोजी कोन्दो यांना छोटी आणि शंभर वेळा ऐकूनही कंटाळा येणार नाही अशी सुरावट रचावी लागली.

गंमत अशी, की हिप-हॉपवालेही अशाच अडचणीत काम करीत होते. 1987 साली आलेले एसपी-1200 हे सॅम्पलर यंत्र त्यांचे लाडके. त्यात एकूण सुमारे दहा सेकंदांचा ध्वनी साठवता येई. मग मंडळी 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर पळवीत, मुद्रित करीत आणि यंत्रात पुन्हा संथ करीत. जागा वाचे, आवाजाला जो खडबडीतपणा येई, तोच पुढे त्या संगीताची ओळख ठरला. 1990 च्या सुपर फॅमिकॉममध्ये तर ध्वनीसाठी 64 किलोबाइट जागा होती आणि वाद्यांचे इवलेसे मुद्रित तुकडे जोडूनच त्याचे संगीत वाजे. म्हणजे त्या खेळातून सॅम्पल घेणारा सॅम्पलचेच सॅम्पल घेतो!

ज्यांचे बालपण या यंत्रांसमोर गेले ते पुढे गायक झाले, तेव्हा आईवडिलांच्या तबकड्यांच्या जोडीला खेळातले सूरही त्यांना आठवले. विझ खलिफाच्या 2010 मधील 'नेव्हर बीन' या गाण्याखाली यासुनोरी मित्सुदा यांची 'क्रोनो ट्रिगर' (1995) या खेळातली उदास सुरावट आहे. ड्रेकच्या 2014 च्या '6 गॉड'मध्ये डेव्हिड वाइज यांचे 'डाँकी काँग कंट्री 2' (1995) मधले संगीत आहे. त्यांतले पहिले मला अधिक आवडते. तेथे सुरावटीला श्वास घ्यायला जागा आहे.

पण मालक कोण? न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 1991 मध्ये बिझ मार्की या गायकाविरुद्ध निकाल दिला आणि निकालाची सुरुवातच चोरीविषयीच्या बायबलमधील आज्ञेने केली. तेव्हापासून विनापरवानगी तुकडा घेणे महागात पडू लागले. लिल फ्लिपच्या 2004 च्या 'गेम ओव्हर' या गाण्यात 'पॅक-मॅन'चे आवाज होते; नामको कंपनीने सोनी म्युझिकवर दावा लावला आणि प्रकरण आपसात मिटले. याच्या उलट रहीम जार्बो या शिक्षकाचे. 'मेगा मॅन' खेळाच्या संगीतावर त्याने 2007 मध्ये 'मेगा रॅन' हा गीतसंग्रह काढला. कॅपकॉम कंपनीच्या कानावर ते गेले, आणि तिने दावा न लावता रीतसर परवाना दिला. दोन कंपन्या, दोन तऱ्हा. गाणाऱ्याचे नशीब मालकाच्या मर्जीवर!

या भांडणात एक तिसरा माणूस आहे आणि मला त्याचीच बाजू अधिक महत्त्वाची वाटते. तो म्हणजे मूळ सुरावट रचणारा. जपानी कंपन्यांत हे संगीतकार बहुधा पगारी नोकर असत आणि हक्क कंपनीकडे राही. पुष्कळदा खरे नावही पडद्यावर येत नसे. 1987 च्या पहिल्या 'मेगा मॅन'चे संगीत मानामी मात्सुमाए या तरुणीचे. खेळाच्या शेवटी मात्र 'चांचाकोरिन मानामी' असे टोपणनाव दिसते. सॅम्पल चोरून घेतले तर तिला काही मिळत नाही. रीतसर पैसे मोजून घेतले तरी ते कंपनीच्या खात्यात जातात. सॅम्पल घेणाऱ्यांना चोर म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

अलीकडे या नावांचा शोध सुरू झाला आहे. 2014 मध्ये 'डिगिन इन द कार्ट्स' या माहितीपट-मालिकेने जपानी खेळांच्या संगीतकारांना शोधून कॅमेऱ्यासमोर बसवले आणि त्यांच्या सुरांवर वाढलेल्या पाश्चात्त्य संगीतकारांनाही बोलते केले. 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत 'सुपर मारिओ'ची सुरावट घेतली. व्हिडिओ गेमचे संगीत तेथे प्रथमच आले, आणि नोंदीत कोजी कोन्दो यांचे नाव आहे.