चिप तीच, कारखाना दुसरा

२०२२च्या मे महिन्यात क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने 'स्नॅपड्रॅगन ८ प्लस जेन १' ही चिप जाहीर केली. आधीच्या डिसेंबरात आलेल्या '८ जेन १'ची ती धाकटी बहीण. आराखडा तोच, गाभे (कोअर) तेच. फक्त वेग थोडा वाढवलेला. वेग वाढला की वीज जास्त लागते, हा साधा हिशेब. इथे मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्सचा वीजवापर ३० टक्क्यांपर्यंत उतरल्याचे खुद्द क्वालकॉमनेच सांगितले. मधल्या सहा महिन्यांत बदलले होते ते एवढेच : पहिली चिप दक्षिण कोरियात सॅमसंगने बनवली होती, दुसरी तैवानात टीएसएमसीने.

क्वालकॉमचा स्वतःचा चिपचा कारखाना नाही. ती आराखडा करते आणि दुसऱ्याकडून चिप बनवून घेते. ॲपल आणि मीडियाटेकचेही तेच. म्हणजे एकच आराखडा दोन कारखान्यांतून काढला तर काय होते, याचा प्रयोगच बाजाराने लाखो ग्राहकांवर करून दाखवला. त्यातल्या निम्म्या लोकांना आपण कोणत्या गटात होतो, हे आजही माहीत नसेल.

फोनचे काही दोष उघडे असतात. २०१०चा आयफोन ४ ठरावीक पद्धतीने हातात धरला की रेंज जायची. तो अँटेनाचा दोष होता. २०१६चा गॅलेक्सी नोट ७ पेट घ्यायला लागला, तो बॅटरीचा. अशा दोषांवर बोंब होते आणि कंपनीला काहीतरी करावेच लागते. चिपचा दोष एवढा सरळ समोर येत नाही. फोन कोमट होतो, गेम अडखळतो, दुपारी चारलाच बॅटरी लाल होते आणि माणूस नेटवर्कला नाहीतर नशिबाला बोल लावून मोकळा होतो.

चिपमधला प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना थोडी वीज घेतो. एकूण खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही चढवावे लागते, म्हणून शेवटचा दहा टक्के वेग भलताच महाग पडतो. त्यातच गळतीची भर : बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही थोडा प्रवाह झिरपत राहतो, चिप तापली की झिरपणे वाढते आणि त्यामुळे चिप आणखी तापते. ही गळती किती असावी, हे आराखडा करणाऱ्याच्या हातात थोडेच. बरेचसे कारखान्याच्या हातात.

लॅपटॉपला पंखा असतो. फोनमध्ये मुख्य चिपच्या डोक्यावरच बहुधा रॅमची चिप बसवलेली असते, त्यावर धातूचे झाकण, त्यावर ग्राफाइटचा पातळ पत्रा, महागड्या फोनात तांब्याची चपटी डबी आणि तिच्यात थेंबभर पाणी. हे पाणी गरम जागी वाफ होते, थंड जागी जाऊन पुन्हा पाणी होते आणि उष्णता पसरवते. पण पसरलेली उष्णता शेवटी बाहेर पडते ती काचेतून आणि आपल्या तळहातातून. त्यामुळे फोन दीर्घकाळ जेमतेम चार-पाच वॅट सहन करू शकतो. त्यापुढे गेला की सॉफ्टवेअर चिपचा गळा आवळते आणि वेग खाली आणते. जाहिरातीतला वेग हा पहिल्या मिनिटाचा असतो.

आता चिपकंपन्यांच्या चुरशीकडे येऊ. सप्टेंबर २०१३मध्ये ॲपलने आयफोन ५एसमध्ये ६४ बिटची ए७ चिप आणली आणि क्वालकॉम गाफील सापडली. कंपनीचे तेव्हाचे विपणनप्रमुख आनंद चंद्रशेखर यांनी ही निव्वळ जाहिरातबाजी असल्याचे म्हटले. काही दिवसांतच कंपनीने हात झटकले आणि त्यांचे पदही बदलले. पण नुसते बोलून भागणार नव्हते. स्वतःचा ६४ बिटचा गाभा तयार नव्हता, म्हणून क्वालकॉमने एआरएम कंपनीचे तयार गाभे घेतले आणि स्नॅपड्रॅगन ८१० काढली. चार दणकट ए५७ आणि चार छोटे ए५३, तेही टीएसएमसीच्या २० नॅनोमीटर तंत्रात, जिथे ट्रान्झिस्टर अजून जुन्या सपाट घडणीचे होते. चिप तापली. एलजी, एचटीसी, सोनी, शाओमी सगळ्यांनी ती वापरली आणि सगळ्यांना खुलासे करावे लागले. भारतात गाजलेल्या वनप्लस २च्या वेळी तर कंपनीने आपल्याकडची ८१० 'सुधारित आवृत्ती' असल्याचे आवर्जून सांगितले. घाईत केलेली चिप म्हणून माझ्या मते ८१० हा आजही पहिला धडा आहे. तिच्या जन्माचे कारण इंजिनिअरांपेक्षा स्पर्धकाच्या तारखेत जास्त आहे.

जानेवारी २०१५मध्ये क्वालकॉमने गुंतवणूकदारांना कळवले की एक मोठा ग्राहक ८१० घेणार नाही. नाव दिले नव्हते, पण तो ग्राहक सॅमसंग हे सगळ्यांना कळले. गॅलेक्सी एस६मध्ये सॅमसंगने स्वतःची एक्झिनॉस ७४२० घातली, १४ नॅनोमीटरची, नव्या उभ्या घडणीच्या ट्रान्झिस्टरांची. या घडणीत प्रवाहाच्या वाटेला तिन्ही बाजूंनी आवळता येते, म्हणून गळती कमी होते. सॅमसंग टीएसएमसीच्या पुढे गेली कशी? लिआंग मॉन्ग-सॉन्ग हे टीएसएमसीचे नावाजलेले संशोधक. २००९मध्ये त्यांनी कंपनी सोडली, कोरियात विद्यापीठात शिकवले आणि २०११मध्ये ते सॅमसंगमध्ये रुजू झाले. टीएसएमसी कोर्टात गेली. तैवानच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५च्या अखेरपर्यंत त्यांना सॅमसंगसाठी काम करण्यास मनाई केली. पण निकाल लागला तेव्हा एस६ केव्हाच दुकानांत पोहोचला होता.

त्याच वर्षीचा आयफोन ६एस हा या चुरशीचा सगळ्यात गमतीदार नमुना. ॲपलने ए९ चिप दोघांकडून बनवून घेतली. सॅमसंगची १४ नॅनोमीटरची, सुमारे ९६ चौरस मिलिमीटरची. टीएसएमसीची १६ नॅनोमीटरची, सुमारे १०४ चौरस मिलिमीटरची. खोका एक, किंमत एक. आत कोणती निघेल ते नशीब. लोकांनी एक ॲप शोधून काढले. त्यात ६एस प्लसचा अंतर्गत कोड 'एन६६एपी' दिसला तर चिप सॅमसंगची. मध्ये बारकासा 'एम' असेल तर टीएसएमसीची. मग घरोघरी चाचण्या झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी छोट्या आकड्याची सॅमसंगची चिपच जास्त वीज खाताना दिसली. ॲपलने रोजच्या वापरात फरक दोन ते तीन टक्क्यांचाच असल्याचे सांगितले. ते बहुतेक खरेही असेल, पण पुढच्या वर्षीपासून आयफोनच्या मुख्य चिपचे सगळे काम एकट्या टीएसएमसीकडे गेले. नॅनोमीटरचे हे आकडे आता कशाचेही माप राहिलेले नाहीत, ती व्यापारी नावे आहेत. एकाचा ४ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलनाच होत नाही.

मोडेमचीही अशीच सोडत निघाली. २०१६च्या आयफोन ७मध्ये काही फोनांत क्वालकॉमचा मोडेम होता, काहींत इंटेलचा. कमकुवत सिग्नलमध्ये इंटेलवाला मागे पडतो, असे चाचण्यांत दिसले. पुढे ॲपल-क्वालकॉम खटला दोन वर्षे चालला, १६ एप्रिल २०१९ला मिटला आणि त्याच दिवशी इंटेलने फोनच्या ५जी मोडेममधून अंग काढून घेतले.

भारतीय ग्राहकाला सगळ्यात जास्त झळ लागली ती गॅलेक्सीच्या वरच्या मालिकेत. अमेरिकेत स्नॅपड्रॅगन, भारतात आणि युरोपात एक्झिनॉस, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. २०२०च्या एस२०मध्ये तर कमाल झाली : एक्झिनॉस ९९० वेगात आणि वीजवापरात स्नॅपड्रॅगन ८६५च्या मागे आणि खुद्द सॅमसंगच्या मायदेशात, कोरियात, स्नॅपड्रॅगनचा फोन. नाराज ग्राहकांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. किंमत मात्र आपल्याला पुरेपूर मोजावी लागत होती.

अखेर फेब्रुवारी २०२२मध्ये एस२२ आला आणि भारताला स्नॅपड्रॅगन मिळाली. समाजमाध्यमांवर पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. पण ती स्नॅपड्रॅगन कोणती? तीच ८ जेन १, सॅमसंगच्याच ४ नॅनोमीटर तंत्रातली, म्हणजे टाळलेल्या एक्झिनॉस २२००च्याच तंत्रातली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दहा वर्षे लोक चिपच्या नावावरून भांडत होते आणि दोष बराचसा कारखान्यात मुरत होता. महिन्याभरातच उघड झाले की सॅमसंगचे एक सॉफ्टवेअर गेम आणि इतर हजारो ॲपचा वेग गुपचूप खाली खेचत होते, वेग मोजणाऱ्या चाचणी-ॲपना मात्र मोकळे सोडत होते. गीकबेंच या चाचणी-ॲपच्या कंपनीने एस१० ते एस२२ या फोनांचे निकाल आपल्या यादीतून काढून टाकले. १६ मार्चला भागधारकांच्या सभेत सॅमसंगचे उपाध्यक्ष हान जोंग-ही यांनी वाकून माफी मागितली. पुढच्या वर्षी एस२३ जगभर स्नॅपड्रॅगन ८ जेन २ घेऊन आला. ती टीएसएमसीची होती आणि तापण्याच्या तक्रारी बऱ्याच निवळल्या.

मग सॅमसंगकडे कोणी काम देतेच का? टीएसएमसीच्या नव्या यंत्रांवरची जागा ॲपल आधीच आरक्षित करते, उरलेले महाग पडते. सॅमसंग जागाही देते आणि कमी दरही. दुसरी बाजू अशी की टीएसएमसी स्वतःच्या नावाचा फोन किंवा चिप विकत नाही. १९८७मध्ये मॉरिस चँग यांनी कंपनी काढली ती याच अटीवर. सॅमसंगला आराखडा देणे म्हणजे गल्ल्यावरच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती वही देणे. तरीही सॅमसंग मागे पडणे ग्राहकाच्या हिताचे नाही. कारखाना एकच उरला की दर तोच ठरवणार.

सगळे खापर चिपवर फोडणेही बरोबर नाही. २०२३चा आयफोन १५ प्रो तापला तेव्हा बोट टीएसएमसीच्या नव्या ३ नॅनोमीटरकडे गेले. ॲपलने आयओएसमधला दोष आणि काही ॲप कारण म्हणून सांगितली आणि अपडेटनंतर तक्रारी ओसरल्या.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी चाचण्यांत येत नाही. ॲपल आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा म्हणते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५च्या पुढे जातो. फोनची पाठ ४३ अंशांवर असेल आणि बाहेर ४५, तर उष्णता बाहेर जायच्याऐवजी आत येते. तांब्याची डबी, ग्राफाइट सगळे निरुपयोगी. दुचाकीच्या हँडलवर नकाशा लावून उन्हात फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराचा स्क्रीन आपोआप मंद होतो तो यामुळेच. गळकी चिप अशा वेळी सगळ्यात आधी मान टाकते. गार खोलीत मिळालेले गुण तिथे कामाचे नाहीत.

फोनचे प्रारण किती, हे दाखवणे भारतात सक्तीचे आहे. *#०७# दाबून कोणीही पाहू शकतो. मग चिप कोणत्या कारखान्यातून आली, हे खोक्यावर छापायला काय हरकत आहे? कंपन्या आपणहून छापणार नाहीत, ग्राहक संघटनांनीच हे सरकारकडे लावून धरले पाहिजे. तोपर्यंत नवा फोन आला की महिनाभर थांबा आणि त्याची सलग वीस मिनिटांची चाचणी कोणी केली असेल तर ती पाहा, पहिल्या मिनिटाची नको.