ग्रामपंचायतीच्या तिजोरीची नवी किल्ली

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात, बोर व्याघ्र प्रकल्पालगत हिंगणी हे गाव आहे. येथील ग्रामपंचायत असो वा राज्यातील अन्य कोणतीही, वित्त आयोगाच्या निधीचा व्यवहार आता संगणकाद्वारे होतो. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणाली सुरू केली. तीत देयक एकाने तयार करावयाचे व दुसऱ्याने मंजूर करावयाचे असते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजेच पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या संगणकीय स्वाक्षऱ्या उमटल्याखेरीज रक्कम हलत नाही.

कोषागारातील दुहेरी कुलपाचेच हे नवे रूप होय. तेथे दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात; एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. परंतु दोन्ही स्वाक्षऱ्यांची साधने आणि त्यांचे गुप्तांक एकाच टेबलाच्या खणात ठेवले, तर दुहेरी कुलूप नावालाच उरते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार आपल्या स्वाक्षरीची खाजगी किल्ली सांभाळण्याची जबाबदारी ज्याची त्याचीच आहे. दुसऱ्याची स्वाक्षरी वा परवलीचा शब्द कपटाने वापरणाऱ्यास कलम ६६-क अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

संगणकातील कुलूपबंद पेटी

ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेची ‘यूडायस’ माहिती, शिक्षकांच्या वेतनाची ‘शालार्थ’ प्रणाली, कार्यालयाचा ई-मेल, अशा प्रत्येक कामासाठी निराळा परवलीचा शब्द लागतो. इतके शब्द ध्यानात राहत नाहीत. मग ते नोंदवहीच्या मागील पानावर किंवा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहिले जातात. यावर उपाय म्हणजे ‘पास’ हे विनामूल्य साधन. त्यात चित्रे वा बटणे नाहीत. आज्ञा टंकलिखित करून ते चालवावे लागते. प्रत्येक गुपित ते स्वतंत्र, कूटबद्ध धारिकेत साठविते. कूटबद्ध करण्याचे काम ‘ग्नूपीजी’ हा कार्यक्रम करतो.

‘सी-डॅक’ संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली ज्या ‘डेबियन’ कुळातील आहे, त्या कुळातील संगणकांवर हे साधन सहज बसविता येते. विंडोज संगणकासाठी त्याच धर्तीचे ‘गोपास’ उपलब्ध आहे.

बसविण्याची रीत

प्रथम कार्यालयप्रमुखाची अनुमती घ्यावी. नंतर पुढील क्रम पाळावा. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत लिहावयाच्या आहेत.

१. ‘टर्मिनल’ उघडून ‘सूडो ॲप्ट इन्स्टॉल पास’ ही आज्ञा द्यावी. प्रणालीच्या अधिकृत भांडारातूनच साधन उतरवून घ्यावे. अनोळखी दुव्यावरून कदापि नको.

२. ‘ग्नूपीजी’द्वारे किल्ल्यांची जोडी तयार करावी. त्या वेळी एक परवलीचे वाक्य द्यावे लागते. ते लांब, स्वतःला आठवेल पण इतरांना सुचणार नाही असे असावे. गावाचे नाव वा जन्मतारीख टाळावी.

३. ‘पास इनिट’ या आज्ञेपुढे त्या किल्लीची ओळख लिहिली की पेटी तयार होते.

४. ‘पास इन्सर्ट’ने जुना शब्द पेटीत ठेवता येतो, ‘पास जनरेट’ने नवा, अभेद्य शब्द घडविता येतो. शब्द पडद्यावर न दाखविता तात्पुरता उचलून घेण्याचीही सोय आहे. ४५ सेकंदांनी तो आपोआप पुसला जातो.

घ्यावयाची दक्षता

पेटीतील मजकूर गुप्त राहतो, परंतु धारिकांची नावे गुप्त राहत नाहीत; म्हणून नावातच गुपित लिहू नये. एकदा दिलेले वाक्य संगणक काही मिनिटे स्मरणात ठेवतो, तेव्हा जागा सोडताना पडदा कुलूपबंद करावा. खाजगी किल्लीची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन मोहोरबंद लखोट्यात कपाटात ठेवावी, परवलीचे वाक्य मात्र तेथे ठेवू नये. किल्ली हरवली किंवा वाक्य विसरले तर पेटी कोणालाच उघडता येत नाही.

कार्यालयाची सामाईक पेटी एकाहून अधिक व्यक्तींच्या किल्ल्यांनी उघडेल अशी करता येते. मात्र संगणकीय स्वाक्षरीचा गुप्तांक सामाईक पेटीत ठेवू नये. सरपंचांचा सरपंचांकडे व अधिकाऱ्यांचा अधिकाऱ्यांकडेच असावा.

बदली किंवा निवडणुकीनंतर जुन्या व्यक्तीची किल्ली वगळून पेटी नव्याने कूटबद्ध करावी. पण तेवढ्याने भागत नाही. जाणाऱ्याने पाहिलेले शब्द त्यास ठाऊक असतातच. म्हणून तेही सर्व बदलावेत. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत दप्तर व शिक्के यांच्याबरोबर या बाबीची नोंद व्हावी. आर्थिक फसवणुकीचा संशय आल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

साधन कितीही उत्तम असले तरी ते माणसाच्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाही. काम शिकविण्यास संगणकचालकाची मदत अवश्य घ्यावी, परंतु स्वाक्षरी त्याच्या हाती सोपवू नये. नळयोजना, शाळेची खोली, गावचा रस्ता यांसाठी आलेला पैसा जनतेचा आहे. त्याच्या दोन किल्ल्या दोन हातांत राहिल्या, तरच ग्रामसभेपुढे हिशेब ठेवताना दोघांनाही आपापल्या स्वाक्षरीविषयी खात्रीने उत्तर देता येईल.