हृदयाच्या उंबरठ्यावरची नळी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात पूर्णा नदीचे खोरे आहे. या खोऱ्यातील कित्येक गावांत विहिरीला पाणी लागते, पण ते खारट! बुलढाणा, अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळेही मूत्रपिंडे निकामी होतात. कारण कोणतेही असो, दोन्ही मूत्रपिंडे थकली की रक्त शुद्ध करण्याचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. यालाच डायलिसिस म्हणतात. २०१६ साली केंद्र सरकारने जाहीर केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने ही सोय जिल्हा रुग्णालयांत उपलब्ध करण्याचे काम हाती घेतले.

पण रक्त यंत्रापर्यंत न्यायचे कसे? थोडे गणित करू. यंत्राला दर मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर रक्त लागते. चार तासांत हे ७२ लिटर होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त असते जेमतेम ५ लिटर. म्हणजे तेच रक्त चौदा वेळा यंत्रातून फिरते! हाताच्या बारीक नीलेला एवढा प्रवाह पुरवता येत नाही. नळीची त्रिज्या दुप्पट केली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळापट होतो. हा नियम प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. तेव्हा मोठी नीलाच गाठायला हवी.

यासाठी डॉक्टर बहुधा मानेच्या उजव्या बाजूच्या नीलेतून एक मऊ नळी आत सरकवतात. तिचे टोक ऊर्ध्व महानीला व हृदयाचा उजवा अलिंद यांच्या सीमेजवळ, म्हणजे अगदी हृदयाच्या उंबरठ्यावर, येते. नळीत दोन मार्ग असतात. लाल खुणेच्या मार्गाने रक्त यंत्राकडे जाते, निळ्या खुणेच्या मार्गाने परत येते. हृदयापर्यंत नळी नेता येते, हे १९२९ साली जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या नीलेत नळी घालून दाखवले. १९५६ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता.

आता धोका पाहा. त्वचा ही शरीराची तटबंदी. नळीने त्या तटबंदीला दार पाडलेले असते. त्या दारातून शिरलेले जंतू थेट रक्तात पोचतात. ते नळीच्या आत चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषधे नीट शिरत नाहीत. दुसरा धोका हवेचा. श्वास आत घेताना छातीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. त्या क्षणी नळीचे तोंड उघडे असेल, तर हवा आत ओढली जाऊन प्राणावर बेतू शकते.

या दारावरचा पहारा परिचारिकेचा. ती प्रथम हात धुते. स्वतः मास्क लावते, रुग्णालाही लावते. नळीचे तोंड जंतुनाशकाने घासून ते वाळू देते. चिमटा बंद असल्याची खात्री झाल्यावरच टोपण काढते. काम संपल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून नळीत हेपॅरिनसारखे औषध भरून ठेवते. नळीभोवतालची त्वचा लाल झाली आहे का, तेथे पू आहे का, हेही ती दर खेपेस पाहते.

एवढ्याशा गोष्टींनी काय होणार, असे वाटेल. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी अशा नळ्यांसाठी पाच साधे नियम पाळले: हात धुणे, नळी घालताना रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील नीला शक्यतो टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. नळीमुळे होणारा रक्ताचा जंतुसंसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला! हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्रही नव्हते.

डायलिसिस आटोपून रुग्ण एस.टी.ने गावी परततो, तेव्हा नळी त्याच्याबरोबर असते. वऱ्हाडातला उन्हाळा, घाम, धूळ! मग पहारा घरच्यांकडे येतो. पट्टी ओली होऊ द्यायची नाही, नळी ओढली जाऊ द्यायची नाही, टोपण कधीही उघडायचे नाही. सलाईनसाठी किंवा रक्त काढण्यासाठी ही नळी इतरांना वापरू द्यायची नाही. थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

दीर्घकाळ डायलिसिस लागणार असेल, तर हातातील रोहिणी व नीला शस्त्रक्रियेने जोडतात. या जोडाला ‘फिस्टुला’ म्हणतात. रोहिणीच्या दाबाने नीला काही आठवड्यांत रुंद व जाड होते आणि तिच्यात सुया टोचून डायलिसिस करता येते. मग मानेतील नळी काढून टाकतात. त्वचेचे दार पुन्हा मिटते.