स्ट्रेंजर थिंग्जमधला व्हेक्ना ज्या जगाचा, ते जुनं जग लोक आजही घरी बसून का बदलतायत?

स्ट्रेंजर थिंग्जचा चौथा सीझन बघितला असेल तर व्हेक्ना तुम्हाला माहीत आहे. पण सिरीजमधल्या पोरांनी हे नाव त्या राक्षसाला दिलं ते त्यांच्या आवडत्या खेळातून, डंजन्स अँड ड्रॅगन्समधून. खेळात हे नाव पहिल्यांदा आलं १९७६ साली, तेही फक्त एका जादुई हाताच्या आणि डोळ्याच्या निमित्ताने. पुढे हा व्हेक्ना ज्या जगाचा खलनायक म्हणून ओळखला गेला, त्याचं नाव ग्रेहॉक.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर होतो, म्हणजे गोष्ट सांगणारा. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार उघडतो’, ‘मी पळतो’ असं सांगत जातात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. गोष्ट अनेक आठवडे चालली की तिला कॅम्पेन म्हणतात. ती जिथे घडते ते जग म्हणजे सेटिंग. आणि हे सगळं छापील पुस्तकातून जसंच्या तसं न उचलता स्वतः रचलं, की ते होमब्रू. विकतचा मसाला आणि घरी कुटलेला मसाला, एवढाच फरक.

गंमत म्हणजे ग्रेहॉक हेसुद्धा मुळात घरीच कुटलेलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं छोटं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स १९७२ पासून आपल्या पोरांना आणि मित्रांना घेऊन खेळायचे. खेळ बाजारात आला १९७४ मध्ये. त्या टेबलाच्या खुणा आजही नियमांच्या पुस्तकात सापडतात. टेन्सर हा मोठा जादूगार म्हणजे गायगॅक्स यांच्या मुलाच्या, अर्नेस्टच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून केलेलं पात्र. ड्रॉमिज हे जिम वॉर्ड या खेळाडूचं नाव उलटं वाचलेलं. मेल्फ तर आणखी भारी. पात्राच्या कागदावर पुरुषासाठी ‘एम’ आणि पुढे ‘एल्फ’ असं लिहिलं होतं, झालं नाव!

१९८० मध्ये हे जग छापून आलं. ३२ पानांची पुस्तिका आणि डार्लीन या चित्रकर्तीने काढलेले दोन मोठे नकाशे. नकाशाभर षटकोनी घरं, एक घर म्हणजे ३० मैल. प्रत्येक राज्याबद्दल थोडीच माहिती: राजा कोण, लोकसंख्या किती, काय पिकतं, भांडण कोणाशी. बाकी जागा रिकामी.

माझ्या मते ही रिकामी जागाच ग्रेहॉकची खरी ताकद. पुढे काय झालं बघा. १९८६ मध्ये गायगॅक्स कंपनीतून बाहेर पडले. १९९१-९२ मध्ये कंपनीने या जगात मोठं युद्ध घडवलं, सीमा बदलल्या, काळ पुढे सरकवला. ज्यांच्या घरी आधीपासून खेळ चालू होता त्यांचं काय? त्यांनी वाचवलेलं राज्य आता पुस्तकात पडलेलं होतं. मग खरं कोणतं, पुस्तकातलं की टेबलावरचं?

याचं उत्तर २०२४ मध्ये आलं, असं म्हणायला हरकत नाही. खेळाच्या पन्नाशीनिमित्त आलेल्या नव्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये नमुन्याचं जग म्हणून पुन्हा ग्रेहॉकच दिलं. काळसुद्धा मूळचाच, त्या जगाच्या कालगणनेनुसार ५७६ सालचा, म्हणजे युद्धाच्या आधीचा. सोबत नकाशा. इथून पुढे तुम्ही बघा.

मग बदलायचं कसं?

अख्खं जग उचलू नका. ही चूक मी केलीय. पहिल्या कॅम्पेनला मी इतिहासाची चाळीस पानं टाइप करून ग्रुपवर पाठवली होती. एकानेही उघडली नाहीत, आणि तिसऱ्या रविवारी खेळ बंद पडला.

दुसऱ्यांदा फक्त एक गाव घेतलं, सॉल्टमार्श. मच्छीमारांचं बंदर. १९८१ साली आलेल्या साहसकथेतलं. (ती खेळायची असेल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

गावाबाहेर कड्यावर एक भुताटकीचं घर आहे. भूत वगैरे काही नाही, तस्करांनीच अफवा पसरवलीय आणि तिथून ते जहाजाला दिव्याने खुणा करतात. मी हे बंदर कोकणात आणलं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. खेळात मी तो नियम सगळ्याच होड्यांना लावला. आता पावसाळ्यात सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि तरी रात्री समुद्रात दिवा दिसतो. मूळ कथेत जे शोधायला बराच वेळ लागतो, ते इथे गावातल्या कुठल्याही आजीला कळतं. म्हणून प्रश्नच बदलला. दिवा कोणाचा, यापेक्षा सगळ्यांना माहीत असून कोणी बोलत का नाही? कारण त्या दोन महिन्यांत चूल त्याच पैशावर पेटते.

नावं बदलून काही होत नाही. सॉल्टमार्शचं नुसतं ‘मिठागर’ केलं असतं तर तो फक्त अनुवाद झाला असता. एक कारण बदललं की बाकीचं आपोआप हलतं.

काही गोष्टी सरळ टाकून द्याव्या लागतात. अमुक वंशाचे सगळे जन्मतःच दुष्ट, हा जुन्या पुस्तकांतला प्रकार मला तरी टेबलावर नको असतो.

आणि कॉपीराइट? मित्रांसोबत घरी खेळताना अडचण नाही. विकायचं असेल तर जपून. जानेवारी २०२३ मध्ये परवान्यावरून मोठा गदारोळ झाल्यावर विझर्ड्स ऑफ द कोस्टने मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. पण त्यात ग्रेहॉक नाही. ‘टेन्सरची तरंगती तबकडी’ हा मंत्र तिथे नुसता ‘तरंगती तबकडी’ आहे. नावं कंपनीची. बंदर, तस्कर आणि कड्यावरचं घर मात्र कोणाच्याच मालकीचं नाही.

आमच्या टेबलावर सध्या ऑगस्ट उजाडलाय. होड्या पाण्यात गेल्यात. तस्करांना पकडायला निघालेल्या माझ्या चार खेळाडूंपैकी दोघांनी गेल्या रविवारी त्यांच्याच जहाजावर नोकरी धरली.